मूळ संच किती जणांचा? जुना रॉक बँड पुन्हा एकत्र येतो तेव्हा

दादरच्या शिवाजी मंदिरात एखादे जुने नाटक पुन्हा रंगमंचावर येते, तेव्हा वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या जाहिरातीतही दोन शब्द आवर्जून छापलेले असतात: ‘मूळ संचात’. संच बदललेला असेल तर हे शब्द गाळले जातात आणि जाणकार प्रेक्षक त्या गाळलेल्या जागेवरूनच काय ते समजतो. रॉक संगीताच्या जगात ही सोय नाही. तिथे फलकावर फक्त बँडचे नाव असते, आणि त्या नावाखाली प्रत्यक्षात कोण उभे राहणार हे तिकीट काढणाऱ्याने स्वतः शोधून काढायचे असते. डिसेंबर २०१२ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर ‘गन्स अँड रोझेस’चा कार्यक्रम झाला, तेव्हा ज्या पाच जणांनी ऐंशीच्या दशकात हे नाव जगभर नेले होते त्यांपैकी गायक अ‍ॅक्सल रोझ एवढा एकच मंचावर होता. १७ मे २०२५ रोजी हेच नाव महालक्ष्मी रेसकोर्सवर आले, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना गिटारवादक स्लॅश आणि बासवादक डफ मकॅगन होते. मी दोन्ही वेळा गर्दीत होतो. पहिल्या वेळी लीड गिटारचे तुकडे सुरांत चोख वाजले, पण माझ्या आसपासची निम्मी माणसे मंचावर नसलेल्या स्लॅशच्या उंच काळ्या टोपीबद्दल बोलत होती.

जुना बँड पुन्हा दौऱ्यावर निघण्याचा ‘विचार करत आहे’ अशी बातमी येते, तेव्हा आपण साहजिकच समजतो की जुन्या मित्रांचे भांडण मिटले. भांडण मिटणे हा त्यातला एक भाग असतो, आणि बऱ्याचदा तो सर्वांत सोपा भाग असतो. याचे कारण असे की बँड ही एकाच वेळी तीन निरनिराळ्या गोष्टींची मोळी असते. तो चार-पाच जणांचा दोस्ताना असतो, नफ्या-तोट्याची भागीदारी असते आणि बाजारात पत असलेली एक पाटीही असते. या तिन्ही गोष्टी एकदम मोडत नाहीत. दोस्ताना आधी तुटतो. भागीदारी मात्र चालूच राहते, कारण जुन्या ध्वनिमुद्रिकांचे पैसे वर्षानुवर्षे येत असतात आणि ते कोणीतरी वाटून द्यावे लागतात. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी वारला आणि त्याच वर्षअखेरीस उरलेल्या तिघांनी बँड थांबवल्याचे जाहीर केले; पण वाजवणे थांबले म्हणून व्यवहार थांबला नाही. आज एकत्र येण्याचा ‘विचार’ म्हणजे मुख्यतः या जुन्या व्यवहाराच्या अटी नव्याने ठरवणे होय, आणि तो विचार बहुतेक वेळा वकिलांच्या कचेरीत चाललेला असतो.

प्रथम पाटीचे पाहू. भावाभावांत दुकानाची वाटणी झाली, की आपल्याकडे जुन्या दुकानावर ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी पाटी लागते. ती वाचून आपण हसतो, परंतु त्या वाक्यात कायद्याचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे: नाव कोणाचे? माल बनवणाऱ्याचे, दुकान सांभाळणाऱ्याचे, की ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याचे? डीप पर्पल हा ब्रिटिश बँड १९७६ मध्ये विसर्जित झाला होता. १९८० मध्ये त्याचा सर्वांत पहिला गायक रॉड इव्हान्स याने काही अपरिचित वादकांना हाताशी धरून त्याच नावाने कार्यक्रम सुरू केले. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे कार्यक्रम ठरला, तेव्हा खऱ्या बँडच्या व्यवस्थापनाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, डीप पर्पलचे अमुक अमुक नामांकित सदस्य या कार्यक्रमात वाजवणार नाहीत, अशी नावांची यादीच छापली. थोडक्यात, ‘आमची कुठेही शाखा नाही’. प्रकरण न्यायालयात गेले आणि इव्हान्स व त्याच्या साथीदारांवर ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई बसली. खरा डीप पर्पल, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या प्रारंभीचा गाजलेला पाच जणांचा संच, १९८४ मध्ये एकत्र आला. या प्रकरणाने तो रस्ता निदान मोकळा ठेवला होता.

पिंक फ्लॉइडचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे नाव लाटणारा कोणी उपरा नव्हता. बहुतेक गाणी लिहिणारा रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला आणि आपण नाही तर बँडही नाही, अशी त्याने भूमिका घेतली. डेव्हिड गिल्मोर आणि निक मेसन यांना ती मान्य नव्हती. १९८६ मध्ये प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले आणि १९८७च्या डिसेंबरात थेम्स नदीवरच्या गिल्मोरच्या हाऊसबोटीवर तडजोड झाली. नाव गिल्मोर आणि मेसन यांच्याकडे राहिले, तर भिंतीच्या कल्पनेवर उभा असलेला प्रसिद्ध रंगमंचीय प्रयोग करण्याचा हक्क वॉटर्सकडे गेला. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत आला, तेव्हा त्याने पिंक फ्लॉइडची एक अख्खी ध्वनिमुद्रिका ओळीने सादर केली. फलकावर मात्र फक्त त्याचे स्वतःचे नाव होते. म्हणजे आपल्याला माल मिळाला, पाटी मिळाली नाही. डोअर्स या अमेरिकी बँडच्या बाबतीत तर गायकाच्या मृत्यूनंतर उरलेल्या तिघांपैकी एकट्या ड्रमरने, जॉन डेन्समोरने, न्यायालयात जाऊन इतर दोघांना ते नाव वापरण्यापासून रोखले. तेव्हा एखादा बँड एकत्र येणार का, याचा अंदाज बांधताना पहिला प्रश्न नावाची मालकी कोणाकडे आहे हाच विचारावा. गन्स अँड रोझेसमध्ये ती नव्वदीच्या दशकात अ‍ॅक्सल रोझकडे आली होती, आणि म्हणूनच २०१२ मध्ये वांद्र्याला तो एकटाही ‘गन्स अँड रोझेस’ म्हणून उभा राहू शकला.

आता पैशाकडे वळू, कारण खरे अडते ते तिथेच. एका गाण्यातून निदान तीन प्रकारचे पैसे निघतात. गाणे लिहिणाऱ्याला रचनेचे मानधन मिळते. ते गाणे दुसऱ्या कोणी गायले, जाहिरातीत वापरले, रेडिओवर लागले, तरी तो हिस्सा त्याला मिळत राहतो. ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्यांना मुद्रिकेच्या विक्रीतला वाटा मिळतो, आणि तो कंपनीशी झालेल्या करारावर अवलंबून असतो. तिसरे पैसे प्रत्यक्ष कार्यक्रमाचे. पहिले उत्पन्न घरबसल्या येते, तिसऱ्यासाठी घाम गाळावा लागतो. चार जणांचा बँड बाहेरून समसमान दिसतो, पण गाणी जर एकानेच लिहिली असतील तर तीस वर्षांनंतर तो एक जण गडगंज श्रीमंत आणि ड्रमर बेताच्या परिस्थितीत, असे चित्र सहज उभे राहते. बँड पुन्हा एकत्र यावा असे ड्रमरला का वाटते आणि गीतकाराला का वाटत नाही, याचे उत्तर स्वभावापेक्षा या हिशेबात अधिक सापडते.

‘द पोलीस’ हे त्रिकूट याचे नेमके उदाहरण आहे. १९८३ मध्ये त्यांचे जे गाणे जगभर सर्वाधिक गाजले, त्याचा जीव अँडी समर्सच्या गिटारवरच्या एका फिरत्या नक्षीत आहे. ती नक्षी काढली तर गाणे ओळखू येणार नाही. परंतु रचनाकार म्हणून नोंद एकट्या स्टिंगची आहे. १९९७ मध्ये एका रॅप गाण्यात तीच नक्षी उचलून वापरली गेली आणि ते गाणेही प्रचंड चालले. त्याचे रचनेचे पैसे स्टिंगकडे गेले. २००७-०८ मध्ये हे तिघे तीस वर्षांच्या निमित्ताने दौऱ्यावर निघाले आणि सुमारे ३६ कोटी डॉलरची तिकिटे विकली गेली, पण जुना हिशेब त्याने मिटला नाही: २०२५ मध्ये समर्स आणि ड्रमर स्टुअर्ट कोपलंड यांनी मानधनाच्या प्रश्नावर स्टिंगविरुद्ध लंडनमध्ये दावा दाखल केला. हेच त्रिकूट मार्च १९८० मध्ये, अजून पुरते नावारूपाला आलेले नसताना, कुलाब्याच्या होमी भाभा सभागृहात एका धर्मादाय संस्थेसाठी वाजवून गेले होते. त्या रात्री वाटून घेण्यासारखे फारसे काही नसावे, आणि कदाचित म्हणूनच त्या काळातल्या छायाचित्रांत तिघे हसताना दिसतात.

कार्यक्रमाच्या पैशांचा हिशेब समजायला आपल्या नाट्यव्यवसायातले दोन शब्द पुरतात: ‘सुपारी’ आणि ‘नाईट’. आयोजक बँडला दौऱ्याची सुपारी देतो, म्हणजे ठरावीक रकमेची हमी देतो आणि त्यातला मोठा भाग आगाऊ मोजतो. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतही मोठ्या बँडचा वाटा सिंहाचा असतो. पुढचा प्रश्न बँडच्या आत सुटायचा असतो: आलेल्या रकमेत सर्व भागीदार, की काही जण भागीदार आणि बाकीचे नाईटवर, म्हणजे प्रयोगामागे ठरलेल्या रकमेवर? ईगल्स १९८० मध्ये फुटले आणि १९९४ मध्ये परत आले ते समान वाटणी मोडून. डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांचा वाटा मोठा ठरला. गिटारवादक डॉन फेल्डर या प्रश्नावर कुरकुरत राहिला, २००१ मध्ये त्याला काढण्यात आले आणि त्याने लावलेला दावा २००७ मध्ये तडजोडीने मिटला. गन्स अँड रोझेसचा संस्थापक गिटारवादक इझी स्ट्रॅडलिन २०१६च्या पुनर्मीलनात का नाही, याचे त्याने स्वतःच दिलेले उत्तर असे होते की त्यांना पैसे समान वाटायचे नव्हते. तो दौरा ५८ कोटी डॉलरच्या वर गेला. ब्लॅक सॅबथचा ड्रमर बिल वॉर्ड याने २०१२ मध्ये आपल्यापुढे ठेवलेला करार सही करण्याजोगा नसल्याचे जाहीर केले आणि बँड त्याच्याशिवाय निघून गेला. माझ्या मते या सगळ्या भांडणांत लोभापेक्षा मानापमान अधिक आहे. नाईटवर बोलावले जाणे म्हणजे, तू हा बँड उभारला नाहीस, तू फक्त वाजवलेस, असे तोंडावर ऐकणे होय.

परंतु पैसा सर्व काही ठरवतो असे म्हणावे, तर लेड झेपेलिनचे काय? १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू सभागृहात ते एका रात्रीपुरते एकत्र आले, ड्रम्सवर दिवंगत बॉनमचा मुलगा जेसन होता, आणि जेमतेम वीसएक हजार जागांसाठी सुमारे दोन कोटी अर्ज आल्याचे त्या वेळी सांगितले गेले. एवढी मागणी समोर असताना गायक रॉबर्ट प्लांटने दौऱ्याला नकार दिला, आणि तो आजपर्यंत बदललेला नाही. रचनेचे पैसे त्याला मिळत असल्यामुळे हा नकार त्याला परवडतो, हे खरे. पण गिटारवादक जिमी पेजलाही ते मिळतातच, आणि त्याला दौरा हवा होता. फरक गळ्याचा आहे, असे मला वाटते. विशीतल्या तरुणाने तारसप्तकात फेकलेल्या आरोळ्या साठीत रोज रात्री फेकायच्या, हे गिटारवादकाला सांगावे लागत नाही.

हा गळ्याचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा. आपल्याकडे गायकाचे वय झाले की तो पट्टी खाली घेतो. काल काळी दोनमध्ये गाणारा आज पांढरी दोनमध्ये बसतो, पेटीवाला बोटे सरकवतो आणि श्रोत्यांना फारसे काही जाणवत नाही. रॉकमध्ये हे इतके सहज होत नाही, कारण गिटारवरचे पुष्कळसे तुकडे मोकळ्या तारांच्या आधाराने बसवलेले असतात. पट्टी बदलली तर मोकळ्या तारेचा तो घुमणारा आवाज जातो. म्हणून बँड सगळ्याच वाद्यांच्या तारा अर्धा किंवा एक स्वर सैल करतात. बोटे जुन्याच जागी पडतात आणि गाणे खालच्या पट्टीत येते. वरच्या स्वरांच्या जागी साथीचे गायक उभे केले जातात, आणि सलग रात्री न वाजवता मध्ये एक-दोन दिवस सोडले जातात. तरीही निसर्गापुढे काही चालत नाही. एरोस्मिथचा स्टीव्हन टायलर सप्टेंबर २०२३ मध्ये निरोपाच्या दौऱ्यात गाताना जखमी झाला, स्वरयंत्राला इजा झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये बँडने दौरे कायमचे थांबवले. एसी-डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये श्रवणशक्ती पूर्ण जाण्याचा इशारा डॉक्टरांनी दिला, तेव्हा उरलेल्या दौऱ्यासाठी उसना गायक आणावा लागला, आणि तो होता अ‍ॅक्सल रोझ. साहजिकच आयोजकाला विमा लागतो, विमा कंपनीला सत्तरीतल्या वादकांचे वैद्यकीय अहवाल लागतात, आणि ‘विचार चालू आहे’ या वाक्यातले कित्येक महिने त्या अहवालांत जातात.

आणि संचातला एखादा या जगातच नसला तर? मग मुलगा उभा राहतो, जसा ग्लेन फ्राय वारल्यावर ईगल्समध्ये त्याचा मुलगा डीकन उभा राहिला. किंवा परका येतो. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेल्यावर क्वीनचे उरलेले सदस्य पुढे अ‍ॅडम लँबर्टसोबत दौरे करू लागले, पण फलकावर ‘क्वीन’नंतर अधिक चिन्ह घालून त्याचे नाव वेगळे लिहिण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी दाखवला, ‘मूळ संचात’च्या सर्वांत जवळ जाणारी रॉकमधली पद्धत मला हीच दिसते. कॅनडाच्या रश या त्रिकूटाचा ड्रमर नील पर्ट जानेवारी २०२० मध्ये वारला, तेव्हा उरलेल्या दोघांनी आता काही नाही असेच ठरवल्यासारखे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र त्यांनी २०२६च्या दौऱ्याची घोषणा केली, अ‍ॅनिका निलेस या जर्मन ड्रमरला घेऊन. ही घोषणा दोघांनी घाईने केलेली नाही, एवढे तारखांवरूनच कळते.

सहीशिक्का झाला की व्यवहाराचा सूर एकदम बदलतो. मैदाने एक-दीड वर्ष आधी अडकवून ठेवलेली असतात, आणि मोठ्या दौऱ्यात लोखंडी मंचाचे दोन-तीन सांगाडे असतात. एकावर कार्यक्रम चालू असताना दुसरा पुढच्या गावी उभा राहत असतो. तिकिटांचे भाव मागणी पाहून क्षणाक्षणाला चढवण्याची पद्धतही आता रुळली आहे. ओअ‍ॅसिसच्या गॅलघर बंधूंनी पंधरा वर्षांच्या अबोल्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये समेट जाहीर केला, तेव्हा सुमारे १५० पौंडांचे उभ्याचे तिकीट रांगेत तासन्‌तास थांबलेल्यांना साडेतीनशे पौंडांच्या वर दिसू लागले आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला चौकशी करावी लागली.

या सगळ्यात मुंबईचा क्रमांक सहसा शेवटी लागतो, आणि त्यात उपेक्षेचा भाग आपण समजतो तेवढा नाही. जून ते सप्टेंबर मैदानी कार्यक्रम अशक्य असतो, आणि युरोप-अमेरिकेत मैदानी दौऱ्यांचा भर नेमका उन्हाळ्यात, म्हणजे त्याच महिन्यांत असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद होतात; राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. धोबीतलावचे रंगभवन, जिथे १९८६ पासून भारतीय बँडचा वार्षिक मेळावा भरत असे, शाळा-रुग्णालयांच्या सान्निध्यामुळे शांतता क्षेत्रात आले आणि तिथला रॉक संपला. त्याच रंगभवनात वाढलेल्या ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले, १९९७ मध्ये गाशा गुंडाळला आणि २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे तिघे पुन्हा एकत्र आले. बास आणि ड्रम्सवर नवी माणसे आली, आणि २०१२ मध्ये त्यांनी संपूर्ण नव्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. पाटी जुनी आणि माल नवा, असे धाडस परदेशी दिग्गज क्वचितच करतात, कारण सुपारी जुन्या गाण्यांची असते.

महालक्ष्मीला त्या मे महिन्यातल्या रात्री उकाडा असह्य होता. माझ्या पुढे चाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ आपल्या शाळकरी मुलाला घेऊन आला होता. दोन गाणी झाल्यावर मुलाने वर पाहून विचारले, “बाबा, ह्यातले खरे किती?” बाबांनी मंचाकडे नजर टाकत तीन बोटे वर केली.

“आणि बाकीचे?”

“बाकीचे नाईटवर,” बाबा म्हणाले, आणि स्लॅशचा सोलो सुरू झाल्यामुळे पुढचे मला ऐकू आले नाही.